तसं काही नाही

बाबा त्या दुखण्यातून उठले आणि पुढे पुष्कळ वर्षं जगले, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याला टांगून ठेवायचं आणि शेवटी हळूच सोडायचं, हे मला जमत नाही. मी स्वतः एकदा दोन आठवडे तशी टांगलेली होते. ते दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. शिवाय मला टांगणारी मीच होते, हा त्यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग.

मी तोंडाची फटकळ. एक घाव दोन तुकडे. परळच्या चाळीत ते खपून जायचं, कारण तिथे सगळेच तसे. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही चाळीतली खोली सोडून मीरा रोडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि कॉलेज संपल्यावर मला जवळच हाटकेशला एका गाळ्यात टायपिस्टची नोकरी लागली. बॉलपेनच्या रिफिली बनवायचा गाळा. पुढे मशिनी, मागे मशिनी, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेलं ऑफिस, त्यात शेठ आणि मी. शेठ गुजराती, माणूस गोड, पण इंग्रजी पत्रव्यवहार सगळा माझ्या गळ्यात. मी 'माल तयार नाही' असं सरळ टाइप करून पुढे ठेवलं की ते कपाळाला हात लावायचे. "बेन, ऐसा नहीं लिखते. पार्टी भाग जाएगी."

म्हणून मी स्टेशनजवळच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला नाव घातलं. खाली पिठाची गिरणी, वर क्लास. गिरणी चालू झाली की बाकं थरथरायची आणि आम्ही सगळे आपोआप मोठ्यानं इंग्रजी बोलायला लागायचो. शिकवणारे सर एका जहाज कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की व्याकरण तुम्हाला येतं, तुम्हाला येत नाही ते मऊ बोलणं. पहिल्याच महिन्यात त्यांनी फळ्यावर यादी लिहिली. सॉर्ट ऑफ. काइंड ऑफ. आय थिंक. मोर ऑर लेस. नथिंग मच. ॲज सच. "साहेब कधी तोंडावर नाही म्हणत नाही," सर सांगायचे. "तो म्हणतो, आय थिंक, इट माइट बी सॉर्ट ऑफ डिफिकल्ट. याचा अर्थ, चालू पड." सगळे हसले. मग ते म्हणाले, "गोळी जितकी कडू, तितकं वरचं साखरेचं आवरण जाड. साखर मोजायला शिका." हे वाक्य मी वहीत उतरवलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

गाळ्यात त्याचा पडताळा रोज मिळायचा. शेठ सांगायचे, "लिखो, माल मोर ऑर लेस रेडी छे." म्हणजे कच्चा माल अजून वसईच्या पलीकडे कुठल्यातरी ट्रकमध्ये. थोडासा उशीर म्हणजे महिना. मी भराभरा टाइप करायचे आणि मनात म्हणायचे, सर सांगतात ते शंभर टक्के खरं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही इंग्रजी रीत मला मजेची वाटायला लागली. घरी आईनं आमटी कशी झाली विचारलं तर मी म्हणायचे, "सॉर्ट ऑफ खारट." आई पळी उगारायची.

तसं पाहिलं तर ही रीत साहेबाचीच आहे असंही नाही. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडलं. गावाला कुणी वारलं की मुंबईला तार यायची, 'सीरियस, लवकर निघा.' गेले असं कुणी कधी तारेत लिहिलेलं मला आठवत नाही. आजी गेली तेव्हाही तशीच तार आली, आणि बाबांनी ती वाचून पिशवीत पांढरं धोतर भरलं. पुढे फोन आले तरी भाषा तीच. 'जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा,' असं पलीकडून कुणी म्हटलं, की इकडे आई देवापुढचा दिवा शांत करायची आणि सोबत कोण कोण येणार ते विचारायला लागायची. लहान मुलांनासुद्धा ते समजत असे.

नव्वद साल उलटल्यावर एका हिवाळ्यात बाबांना खोकला लागला. आमच्या भोवती चहूकडे इमारती उठत होत्या, गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवर सिमेंटची पूड बसायची, त्यामुळे खोकला कुणाला नव्हता? पण बाबांचा तीन आठवडे हटेना. शेवटी मी त्यांना भाईंदरला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर जवळच्या मुर्धा गावचे, खाडीकाठच्या मीठवाल्यांच्या घरातले, गावातून डॉक्टर झालेला पहिलाच माणूस. वय फार नव्हतं, पण दवाखान्यात रीघ असायची. बाकावरच्या कोळणीशी त्यांच्या बोलीत, मारवाड्याशी हिंदीत, असं त्यांचं चाललेलं. माझ्या मांडीवर मात्र क्लासचं जाड इंग्रजी पुस्तक होतं. ते बघून डॉक्टर एकदम ताठ बसले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले.

एक्स-रे उजेडाकडे धरून ते म्हणाले, "आय थिंक, देअर इज सॉर्ट ऑफ अ शॅडो. बट मोस्ट प्रॉबेबली, नथिंग मच ॲज सच."

मी साखर मोजली. एका दमात पाच थर.

मग त्यांनी बाबांना मराठीत विचारलं, "आधी कधी छातीचा आजार झालेला?" बाबा म्हणाले, "छे छे, तसं काही नाही." डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली, औषधं लिहून दिली, आणि दोन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढून आणायला सांगितला. मी, जगाला तोंडावर बोलणारी, तिथून मुकाट बाहेर आले. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि तेच मला नको होतं.

रिक्षात बाबांनी विचारलं, "काय म्हणाला गं?"

"तसं काही नाही म्हणाले."

"बरं," बाबा म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

घरी आईनं स्वयंपाकघरात मला गाठून हाच प्रश्न विचारला आणि मी हेच उत्तर दिलं. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिच्या हातात लाटणं होतं, ते तिनं हळूच पोळपाटावर ठेवलं. ती पुढे काही विचारेना, मी काही सांगेना. दुसऱ्या दिवसापासून घरात बाबांच्या आवडीचे पदार्थ सुरू झाले. सोमवारी घावणे, मंगळवारी तिसऱ्यांचं सुकं, बुधवारी काही कारण नसताना पुरणपोळी. एरवी महिनाअखेरीला वरणभातावर भागवणारी माझी आई. बाबा निमूट जेवायचे. एकदा फक्त म्हणाले, "आज काय आहे?" आई म्हणाली, "काही नाही हो, सहज."

आमच्या घरात त्या दिवसांत सगळंच सहज व्हायला लागलं. बाबांनी एका संध्याकाळी आईला जिन्याखाली नेलं आणि पाण्याची मोटर कशी चालू करायची, फ्यूज उडाला तर कुठली तार बघायची ते दाखवलं. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, "सहज दाखवून ठेवतो." मला बँकेत नेऊन तिथल्या क्लार्कशी ओळख करून दिली. सहजच. मी बँकेच्या पायऱ्या उतरताना रुमालात तोंड खुपसून रडले आणि बाबांना सांगितलं, धूळ गेली. मला वाटत होतं, बाबांना काही माहीत नाही आणि मी ते त्यांच्यापासून लपवतेय. केवढी मी शहाणी!

दहाव्या दिवशी मला हे एकटीनं पेलवेना. आईला न सांगता मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि गावाला काकांच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, गावच्या शाळेत मास्तर. त्याला बोलावून आणेपर्यंत मीटरचे लाल आकडे पळत होते. काय बोलायचं ते मी चारदा घोकून ठेवलं होतं. काका फोनवर आला तेव्हा तोंडातून निघालं ते एवढंच, "काका, तसं काही नाही. बाबांना जरा बरं नाही. जमलं तर येऊन जा."

मग काका म्हणाला, "निघतो."

तो दुसऱ्या दिवशी सकाळीच बोरिवलीला एसटीतून उतरून आला. दार बाबांनीच उघडलं. काका उंबऱ्याबाहेर उभाच राहिला. बाबांकडे बघतोय, पिशवी खाली ठेवत नाही, आत येत नाही. मग वाकून त्यानं बाबांचे पाय धरले आणि ते जरा जास्तच वेळ धरले.

"अरे, असा अचानक?" बाबांनी विचारलं.

"सहज आलो," काका म्हणाला. "म्हटलं, दादाला बघून यावं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "ये," एवढंच म्हणाले.

पुढचे चार दिवस दोघे भाऊ गच्चीत बसून गावच्या गोष्टी बोलायचे. शनिवारी संध्याकाळी बाबा खाली गेल्यावर काका मला म्हणाला, "लहानपणी दादा यातनंच वाचला होता. तेव्हा देवानं सोडला. आता..."

"कशातनं वाचले होते?"

काका इकडेतिकडे बघायला लागला. "तेच. छातीत थंडी भरली होती."

"थंडी म्हणजे काय, काका?"

त्याला ते तोंडातून काढायला किती वेळ लागला! बाबा नऊ वर्षांचे असताना त्यांना सहा महिने मागच्या पडवीत वेगळं ठेवलं होतं. ताट वेगळं, पांघरूण वेगळं. काकाला तिकडे जायला बंदी होती, तो खिडकीच्या गजांतून त्यांना जांभळं द्यायचा. मिशनच्या दवाखान्यातून सुया आणून टोचत होते. आजीनं घरात सगळ्यांना शपथ घातली होती की त्या आजाराचं नाव कुणी काढायचं नाही, नाहीतर पुढे पोराला कोण मुलगी देईल? आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाबांनी, आईशी लग्न होऊन पंचवीस वर्षं झाल्यावरही, डॉक्टरांपुढे ती शपथ पाळली होती. शेवटी काकानं आवाज अगदी खाली आणून सांगितलं, "टीबी गं."

मला एवढंच कळलं, की तोच आजार उलटला असणार. काळजी दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवा एक्स-रे आदल्या दिवशी काढून आणला होता. बाबा म्हणाले, "तूच जाऊन ये. तुला इंग्रजी कळतं." मी चप्पल घातली. आई देवघरासमोर बसली होती, तिनं वळून बघितलं नाही.

डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी धरले, थुंकीचा रिपोर्ट उलटसुलट वाचला, घसा साफ केला आणि म्हणाले, "आय थिंक, रिपोर्ट इज मोर ऑर लेस निगेटिव्ह. सो, सॉर्ट ऑफ..."

तिथे माझा बांध फुटला. दोन आठवड्यांचे घावणे, पुरणपोळ्या, मोटर, बँक, सगळं माझ्या घशाशी आलं. मी टेबलावर हात आपटला आणि ओरडले, "डॉक्टर, मराठीत सांगा! माझे वडील मरणार आहेत का? हो की नाही?"

बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या खांद्यांतला ताठपणा गेला आणि ते एकदम आपल्या घरच्या बोलीत म्हणाले, "न्हाय गो बाय! कशाला मरंल तो? जुना डाग हाय तो. दोनीकडं तेवढाच हाय, जरा पन वाढला न्हाय. थुंकीत कायच न्हाय. खोकला धुळीचा हाय."

"नक्की?"

"नक्की. पन हा डाग आला कुठशी, ता मला समजत न्हाय. तुजा बाप तं बोलला, कधी कायच झाला न्हवता."

मी सांगितलं. पडवी, सुया, जांभळं, सगळं, आजाराच्या नावासकट. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "मंग आदी सांगाया काय झाला व्हता? पयल्याच दिशी सांगून मोकला झालो असतो."

"आणि तुम्ही का नाही सरळ सांगितलंत?" मी पण काही कमी नव्हते.

डॉक्टर जरा ओशाळले. मग म्हणाले, कॉलेजात त्यांच्या बोलण्याला पोरं हसायची. एकदा वॉर्डात मोठ्या डॉक्टरांपुढे ते छातीठोक काहीतरी बोलले आणि ते चुकलं. तेव्हापासून इंग्रजीत बोलताना प्रत्येक वाक्याला पुढे मागे टेकू लावल्याशिवाय त्यांना धीरच होत नाही. "आजचा वार विचारलास ना, तरी आय थिंक संडे, असाच बोलंन मी," ते म्हणाले. मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू फुटलं. बाहेरच्या एका म्हाताऱ्या कोळणीनं आत येऊन न विचारताच मला पाणी दिलं. माझा जीव भांड्यात पडला होता. मीरा रोडला घरी येईपर्यंत मी रिक्षावाल्याशी, नाक्यावरच्या भाजीवालीशी, जो भेटेल त्याच्याशी हसत होते.

घरात तिघंही बाहेरच्या खोलीत बसलेले होते. पंखा बंद, टीव्ही बंद. मी चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, तुम्ही मरत नाही आहात," मी म्हटलं. "डाग लहानपणचा आहे. टीबीचा. तेव्हाच बरा झालेला. आता तुम्हाला काहीही झालेलं नाही."

आई डोळ्याला पदर लावून भिंतीला टेकली. टीबी हा शब्द तिनं ऐकला, बाबांकडे बघितलं, आणि म्हणाली, "पंचवीस वर्षं! मला सांगितलं असतं तर मी काय पळून जाणार होते?" बाबा आपल्या तळहाताकडे बघत बसले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," शेवटी ते म्हणाले. "रिक्षात हिनं तोंड वळवून 'तसं काही नाही' म्हटलं ना, तेव्हाच. ही पोरगी आयुष्यात कधी असं बोलली नाही. म्हटलं, आपलं आटोपलं. तुम्ही सांगत नाही, तर मी तरी कशाला विचारून तुम्हाला आणखी रडवू?"

मी जाऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते माझ्या केसांतून हात फिरवत राहिले. मग त्यांनी मान वर करून काकाकडे बघितलं.

"तू रजा किती दिवसांची टाकून आलायस?"

काकानं मान खाली घातली. "चौदा," तो म्हणाला.

"तेरा दिवस आणि परतीचा एक. बरोबर?"

काकाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बूथवरून मी जे म्हटलं होतं, ते आमच्या गावच्या भाषेत काय होतं ते आत्ता मला ऐकू आलं. माझ्या त्या एका वाक्यावर हा माणूस भावाला पोचवायला निघाला होता. रात्रभर एसटीत बसून त्यानं सगळं मनाशी ठरवलं असणार, खांदा कुठला, मडकं कुणी धरायचं, वहिनीला काय सांगायचं. आणि सकाळी दार भावानंच उघडलं. मला इतकी लाज वाटली, की मी तिथेच काकाचे पाय धरले.

बाबा मात्र हसायला लागले. आधी बारीक, मग पोट धरून. "झाले किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"मग नऊ उरले की. राहा. मी जिवंत असताना राहिलास तर बिघडलं कुठे?"

काका नऊ दिवस राहिला.